बघून येतो म्हणणारं गिऱ्हाईक

वेदश्री मिरजकरला स्पॅनिश येत होतं. येत होतं म्हणजे चार शब्द घोकून फेकण्याइतकं नव्हे. तीन वर्षं रोज सकाळी साडेपाचला उठून, कमरीपेठेतल्या घराच्या गच्चीवर मोबाईल टेकवून, ऑनलाइन क्लासात बसून तिनं ते कमावलं होतं. परीक्षेचे दोन टप्पे झाले होते, दोन्हींत चांगले गुण. अख्खी हुबळी पालथी घातली तरी असं स्पॅनिश येणारी माणसं एका रिक्षात मावली असती आणि वर एक जागा रिकामी राहिली असती. तेव्हा पोरीला थोडा ताठा होता, आणि का नसावा?

ती गोकुळ रोडकडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात होती. पाण्याच्या नि वाफेच्या मोठ्या पाइपांना जी लोखंडी तोंडं बसवतात, ती तिथं बनत. पहिली दोन वर्षं तिनं डिस्पॅचच्या टेबलावर काढली. पेट्यांवर लेबलं चिकटवायची, ट्रकचे नंबर लिहायचे, संपलं काम. मग एक दिवस मेक्सिकोहून चौकशी आली. मालक पद्मनाभ सर ते पत्र उलटं-सुलटं करून बघत असताना ही सरळ केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, ‘‘सर, मी बोलते त्यांच्याशी.’’ धारवाडचे पद्मनाभ सर अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलणारे, पण माणूस पारखी. त्यांनी खिडकीजवळ तिला वेगळं टेबल दिलं. सगळे त्याला स्पॅनिशचं टेबल म्हणू लागले. पहिला नमुन्याचा माल मेक्सिकोला गेला तेव्हा तिनं आईकडून पेढे करून घेतले होते.

आणि सात महिन्यांनी त्याच टेबलावर बाँब पडला.

मेक्सिकोच्या कंपनीचं खरेदीचं काम ओफेलिया नावाच्या बाई बघत. त्यांचं दोन ओळींचं इंग्रजी पत्र थेट पद्मनाभ सरांना आलं. ‘तुमच्याकडच्या तरुण मुलीचं स्पॅनिश अतिशय अचूक आहे. यापुढं आपण इंग्रजीत पत्रव्यवहार करू या.’

सरांनी ते दोनदा वाचलं. ‘‘पहिली ओळ तारीफ आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आणि दुसरी कानफटात आहे. काय केलंस गं तू?’’

तिनं काय केलं होतं, तिलाच कळेना. सरांनी मात्र हिशेब सरळ मांडला. बाई तीन आठवड्यांनी कोइमतूरला दुसऱ्या कुणाकडं येणार आहेत, मध्ये अर्धा दिवस हुबळीला थांबते म्हणाल्यात. ‘‘तो अर्धा दिवस तुझा. बाई राजी झाल्या तर बरं. नाही झाल्या आणि इंग्रजीच बोलायचं ठरलं, तर स्पॅनिशचं टेबल मी कशाला ठेवू, सांग? तू परत डिस्पॅचला.’’ माणूस वाईट नव्हे, पण कारखाना चालवणारा माणूस असाच बोलतो.

वेदश्री त्या दुपारी घरी न जाता थेट दाजीबानपेठेत गेली, वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या दुकानात.

श्रीकांत मिरजकरांचं साड्यांचं दुकान. दोन पायऱ्या चढून आत गेलं की पांढरी गादी, गादीवर अप्पा, मागं छतापर्यंत इरकलच्या घड्या. दुपारी तीनची वेळ, पेठ जरा सुस्तावलेली. समोर नवलगुंदकडच्या तीन बायका बसल्या होत्या आणि अप्पांनी त्यांच्यापुढं साड्यांचा डोंगर केला होता. वेदश्री कोपऱ्यात बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं टिपलं.

अप्पा साडी उलगडता उलगडता ऐकत होते. ‘‘बाई शेवटचं काय म्हणाली होती तुला? भांडली?’’

‘‘छे! गोड बोलल्या. मोठी ऑर्डर देणार का विचारलं, तर म्हणाल्या, ‘लुएगो ले आविसो.’ म्हणजे नंतर कळवते. मी सरांना तेच सांगितलं.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग कळवलंच नाही की त्यांनी! आठ दिवस वाट बघितली आणि लिहिलं, ‘आपण कळवते म्हणाला होतात, अद्याप कळवलेलं नाही.’ उत्तर नाही. परत लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘कृपया विलंबाचं कारण सांगावं.’ एकही चूक नव्हती, अप्पा. क्लासातल्या मॅडमना दाखवून पाठवलं होतं.’’

अप्पांचा हात साडीवर थांबला. तेवढ्यात त्या तीन बायका उठल्या, पदर सारखे केले आणि त्यांतली थोरली हसून म्हणाली, ‘‘नोडकोंड बर्तेव्री, अण्णा.’’ म्हणजे आपलं नेहमीचं, बघून येतो.

‘‘बर्री बर्री, अक्का, अंगडी निम्द ऐती,’’ अप्पा तितकंच हसून म्हणाले. या की, दुकान तुमचंच आहे. बायका पायऱ्या उतरून गेल्या. अप्पा चौदा साड्या घडी घालायला बसले आणि वेदश्रीकडं वळले.

‘‘ऊठ,’’ ते म्हणाले. ‘‘धाव त्यांच्या मागं. विचार, बघून येतो म्हणाला होतात, अजून का आला नाहीत? कृपया कारण सांगावं!’’

‘‘काहीतरीच काय, अप्पा! त्या कशाला येतील? त्यांना पसंत नाही पडल्या साड्या.’’

‘‘मग तसं म्हणाल्या का त्या?’’

‘‘तसं कोण म्हणतं तोंडावर...’’ आणि वेदश्रीचं तोंड उघडंच राहिलं.

‘‘आता पेटली बत्ती!’’ अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. ‘‘अगं वेदे, गादीवर रांगत मोठी झालीस तू. गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणालं की ते नाही म्हणतंय, आणि आपला मान ठेवून म्हणतंय, हे तुला चौथीत असताना कळत होतं. त्या बाईनं तुझा मान ठेवला आणि तू तिला तीनदा नोटीस धाडलीस!’’

‘‘पण पुस्तकात आविसार म्हणजे कळवणे असंच आहे.’’

‘‘असेल. पुस्तकाला कुठं दुकान चालवायचंय?’’

वेदश्रीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला सांगू, लाजेच्या खालोखाल तिला हायसंही वाटलं. चूक कुठं होती ते सापडलं होतं, आणि सापडलेल्या चुकीला ती घाबरणारी नव्हती.

अप्पांना पाच भाषा येत, म्हणजे लोक तसं म्हणत. खरं तर मराठी आणि कन्नड सोडलं तर बाकीच्या भाषांतली वीस-वीस वाक्यं त्यांना येत, आणि तमिळची आठच. पण ती आठ अशी जागच्या जागी पडत की तमिळ गिऱ्हाईक त्यांना गाववाला समजून घरच्या गोष्टी सांगायला लागे, आणि मग अप्पांची पंचाईत होई. ‘‘वाक्य एकटं शिकू नको,’’ त्यांनी त्या दिवशी लेकीला सांगितलं. ‘‘जोडीनं शीक. एकानं काय म्हणायचं आणि दुसऱ्यानं त्यावर काय म्हणायचं. आपण जेवत असताना कुणी आलं की काय म्हणतो? ‘या जेवायला.’ आणि तो?’’

‘‘‘होऊ द्या, होऊ द्या सावकाश.’’’

‘‘तो खरंच ताट मांडून बसला तर?’’ अप्पा हसले. ‘‘हे असलं सगळ्या मुलखांत असणार. तुझ्या त्या लोकांचं काय आहे ते हुडक.’’

बोलणं चालू असतानाच शेजारच्या गल्लीतल्या शांताक्का पायरीपाशी आल्या, एक साडी हातात घेऊन बघितली, परत ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘श्रीकांता, ही पिशवी असू दे रे इथं. भाजी घेऊन येते.’’ पिशवी गादीच्या कडेला ठेवून त्या गेल्या.

‘‘ह्या येणार,’’ अप्पा म्हणाले. ‘‘बोलण्याकडं बघू नको. येणारं माणूस पिशवी ठेवून जातं.’’ शांताक्का अर्ध्या तासानं आल्या आणि तीच साडी घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून वेदश्रीनं व्याकरणाची पुस्तकं कपाटात ठेवली. मेक्सिकोतल्या बाजारांचे, खानावळींचे, घरगुती समारंभांचे व्हिडिओ बघायला लागली. ऑफिस सुटलं की दुकानात यायचं, मोबाईल कापडाच्या ताग्याला टेकवायचा आणि वहीत लिहायचं: कोण बोललं, कधी बोललं, समोरच्यानं काय उत्तर दिलं. तिकडं जेवणाऱ्याच्या जवळून जाताना ओळख असो-नसो ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतात, आपलं सावकाश होऊ द्या, तसं. निघताना किंवा कुणाच्या पुढून जाताना ‘कोन पेर्मीसो’ म्हणतात, आणि त्यावर दुसरा ‘प्रोपियो’ म्हणून वाट देतो. तीन वर्षांच्या क्लासात हे ‘प्रोपियो’ तिच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं! तिला क्लासचा असा राग आला की विचारू नका.

एका संध्याकाळी व्हिडिओत भर रस्त्यातला बाजार होता. एका बाईनं विणलेले रुमाल चिवडले, दोन-चार उचलून बघितले, हसली आणि म्हणाली, ‘‘दोय ला बुएल्ता इ रेग्रेसो.’’

‘‘ही परत येत नाही,’’ अप्पा मागून म्हणाले.

वेदश्रीनं चमकून बघितलं. अप्पांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. ‘‘एक चक्कर मारून येते म्हणाली ती. तुम्हाला काय कळलं?’’

‘‘न कळायला काय झालं? पाय बघ तिचे, आधीच निघालेत. तोंड हसतंय. दुकानदार काय म्हणाला ते सांग.’’

दुकानदार म्हणाला होता, ‘‘आन्दाले, आकी ला एस्पेरामोस.’’ बरं तर, आम्ही इथंच आहोत तुमची वाट बघत. वेदश्रीनं अर्थ सांगितला तसे अप्पा पोट धरून हसले. ‘‘अंगडी निम्द ऐती! हा आपल्या पेठेतलाच की गं!’’ पुढं आठवडाभर ते येईल त्या गिऱ्हाइकाला ‘आन्दाले’ म्हणत सुटले, आणि गंमत म्हणजे कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पण वेदश्रीला हसून भागणार नव्हतं. ‘‘अप्पा, बाई समोर आल्या आणि परत तसंच म्हणाल्या तर? ‘आन्दाले’ म्हणून सोडून देऊ? माझं टेबल जाईल.’’

अप्पांनी चष्मा काढून पुसला. ‘‘गेलेल्या गिऱ्हाइकाच्या मागं जायचं नाही, कधीच नाही. पण पाय उंबऱ्यात असतो ना, तोवर एक प्रश्न विचारायचा आपला हक्क असतो. एकच. भाव किती द्याल, घेणार का, असलं विचारायचं नाही. घरचं समजून मोकळेपणानं सांगा, काय खटकलं, एवढं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं जमायला मला दहा वर्षं लागली.’’

‘घरचं समजून मोकळेपणानं’ ह्याची स्पॅनिश जोडी हुडकायला तिला चार दिवस लागले. पण सापडली.

बुधवारी अकराला ओफेलियाबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, केस पांढरेशुभ्र, खांद्याला भरतकामाची भली मोठी कापडी पिशवी. त्यांनी वेदश्रीशी हात मिळवला, हसल्या आणि इंग्रजी बोलायला लागल्या. वेदश्रीनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. जिकडं गिऱ्हाईक, तिकडं आपण. तीही इंग्रजी बोलली.

दुपारी कँटीनमध्ये सरांनी बाईंसाठी जेवण मांडलं होतं, जोळदाची म्हणजे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी. वेदश्री दुसऱ्या टेबलाकडं निघाली होती. बाईंच्या मागून जाताना ती थांबली नाही, वळली नाही, नुसतं म्हणाली, ‘‘बुएन प्रोवेचो, सेन्योरा.’’

बाईंचा हात भाकरीवर थांबला. ‘‘ग्रासियास, मिखा,’’ त्यांच्या तोंडून गेलं. मिखा म्हणजे बाळ. त्यांनी मान वळवून वेदश्रीला पहिल्यांदा नीट बघितलं.

एवढ्यानं गड सर झाला असं समजू नका. जेवणानंतर सरांनी तासभर मशिनं दाखवली, मोठी ऑर्डर मागितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पिशवी खांद्याला लावली आणि उठल्या. आता मात्र त्या स्पॅनिशमध्ये बोलल्या, अगदी गोड आवाजात. ‘‘लो बेओ कोन मी हेन्ते, इ लुएगो ले आविसो.’’

‘‘काय म्हणाल्या?’’ सर खुशीत होते.

‘‘आमच्या माणसांशी बोलून नंतर कळवते म्हणाल्या. सर, म्हणजे त्या ‘नाही’ म्हणाल्या.’’

‘‘अगं, हसतायत की त्या!’’

‘‘म्हणूनच,’’ वेदश्री म्हणाली.

बाई केबिनच्या दारात पोचल्या होत्या. बाहेर टॅक्सी उभी होती. डिस्पॅचचं टेबल, लेबलांचा गोंद, सगळं एका क्षणात वेदश्रीच्या डोळ्यांपुढून गेलं. पण बाईंचे पाय अजून उंबऱ्यात होते. ती दोन पावलं पुढं गेली.

‘‘सेन्योरा ओफेलिया, दीगामे कोन तोदा कोन्फियान्सा,’’ ती म्हणाली. घरचं समजून, अगदी मोकळेपणानं सांगा. काय खटकलं तुम्हाला?

आणि गप्प बसली. सर काहीतरी बोलायला गेले, तिनं हातानं त्यांना थांबवलं. मालकाला हातानं थांबवलं, काय धाडस म्हणायचं! ते दहा सेकंद तिला दहा वर्षांएवढे गेले.

बाई हळूच वळल्या. परत आल्या. खुर्ची ओढून बसल्या, आणि मग जे सुरू झाल्या ते थांबेचनात.

माल चांगला होता. पण त्यातले निम्मे व्हॉल्व्ह असे, की पाणी एकाच दिशेनं जाऊ देतात. बसवायचा कागद इंग्रजीत. त्यांच्या कारखान्यातल्या फिटरांना इंग्रजी येत नाही. चार व्हॉल्व्ह उलटे बसले, दोन दिवस काम बंद, आणि बोलणी बसली बाईंना, कारण हा माल त्यांनी निवडला होता. आता ह्यात विकणाऱ्याचा थोडा दोष, बसवणाऱ्याचा थोडा. असलं तोंडावर कसं बोलायचं? म्हणून त्यांनी ‘कळवते’ म्हटलं. तर मागोमाग तीन पत्रं आली, कोर्टाची समन्स असतात तशी!

‘‘मे दा मूचा पेना कोन उस्तेद,’’ वेदश्री म्हणाली. तुमच्यापुढं लाज वाटते मला. हे वाक्यही वहीतलंच होतं, पण म्हणताना तिचे कान लाल झाले ते वहीतले नव्हते. ‘‘चूक माझी. माझ्या वडिलांचं साड्यांचं दुकान आहे. त्यांनी मला चांगलंच सुनावलं.’’

‘‘दुकान? मग तर तुला कळायलाच हवं होतं!’’ बाई खो खो हसल्या.

‘‘अप्पा पण अगदी हेच म्हणाले.’’ मग ती सावरून बसली आणि ठामपणे म्हणाली, ‘‘तो कागद मी लिहिते. तुमच्या फिटरांना समजेल अशा स्पॅनिशमध्ये, चित्रं काढून. वर माझा नंबर घालते. व्हॉल्व्ह हातात घेऊन कुणी अडलं तर मला फोन करायचा. तुम्हाला बोलणी बसणार नाहीत.’’

हे सगळं तिनं सरांना विचारून केलं का? नाही. आधी बोलली, मग सरांना मराठीत सांगितलं. सरांनी नुसती मान हलवली. दुसरं काय करणार?

बाईंनी घड्याळ बघितलं, फोन बघितला. इथं रेंज नीट नाही, हॉटेलवर जाऊन आमच्या माणसांना उठवून विचारते, तिकडं आत्ता रात्र आहे, म्हणाल्या. उठल्या. खिडकीजवळच्या स्पॅनिशच्या टेबलाशी गेल्या, खांद्यावरची ती पिशवी उतरवली आणि वेदश्रीच्या कागदांवर ठेवली. आत त्यांची फाईल होती, शाल होती, नमुन्याचा व्हॉल्व्ह होता. ‘‘ते ला एन्कार्गो, मिखा. आओरीता रेग्रेसो,’’ त्या म्हणाल्या, हे जरा सांभाळ म्हणून. आणि दारातून जाताना, ‘‘कोन पेर्मीसो.’’

‘‘प्रोपियो,’’ वेदश्री म्हणाली. वही आठवली नाही, जोडी शोधली नाही, जिभेवर होतं ते आलं. टॅक्सी फाटकातून बाहेर पडली तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

पद्मनाभ सर खिडकीतून बघत होते. ‘‘गेल्या! आता काय म्हणाल्या?’’

‘‘लगेच येते म्हणाल्या.’’

‘‘वेदश्री, मघाशी तूच म्हणालीस, असं हसून बोलतात ते येत नाहीत म्हणून!’’

‘‘ह्या येणार, सर.’’ तिनं खुर्ची ओढली, पिशवी दोन्ही हातांनी उचलून नीट बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर स्पॅनिशमध्ये पहिली ओळ लिहायला घेतली: व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेनं असावा. ‘‘पिशवी ठेवून गेल्यात.’’

सरांनी पिशवीकडं बघितलं. वेदश्रीकडं बघितलं. मग दारातून ऑफिसातल्या उमेशला हाक मारली.

‘‘उमेश, तासाभरानं तीन चहा सांग. आणि डिस्पॅचला दुसरं माणूस बघ. ही तिकडं येत नाही.’’